‘मारो’ म्हणजे माझा

कागदोपत्री मी फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक आहे. हे लिहिताना मला स्वतःलाच हसू येतं, त्यामुळे तुम्ही हसलात तर मी रागावणार नाही. मी घनश्याम गावंडे, आर्णीच्या एका शाळेत तीस वर्षांपासून पीटी शिकवतो. माझा खेळ कबड्डी. फुटबॉलचं माझं शिक्षण म्हणजे दहा दिवसांचं एक शिबिर आणि त्याचं सर्टिफिकेट. बॉलला हात लावला की फाऊल, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. बाकीचं सगळं ज्याला माहीत होतं, तो माणूस कागदावर माझा सहायक होता. किसनसिंग राठोड. त्याची गोष्ट सांगायची म्हणजे माझी थोडी बेइज्जती होणारच, पण ती आपल्याच तोंडानं झालेली बरी.

सहा वर्षांपूर्वी वरून आदेश आला की मुलींची फुटबॉल टीम काढा. मी काढली. पंधरा-वीस मुली गोळा केल्या, शिबिराची वही शोधली आणि त्यातलं पान बघून त्यांना बॉल मारायला लावला. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला एक माणूस येऊन थांबला. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर दुपट्टा, मोटारसायकलच्या मागे म्हशीसाठी घेतलेलं ढेपेचं पोतं. अर्धा तास तो नुसता बघत होता. मग त्याला राहवेना.

“अवो पोरी, अंगठ्यानं नाही. पायाच्या आतल्या अंगानं मार. नखं जातीन तुह्ये.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलींसमोर मला कोण शिकवतो? मी तरातरा गेलो आणि विचारलं, “कोण तुम्ही?”

त्यानं अदबीनं हात जोडले आणि म्हणाला, “मले मारो म्हणतेत.”

मी दोन पावलं मागे सरकलो. म्हटलं, “मारू कायले? मी तं फक्त नाव विचारलं.”

तो इतका हसला की त्याला गाडीचा आधार घ्यावा लागला. “नावच हाय सर ते. राजूरले समदे मले मारोच म्हणत.”

हे नाव कसं पडलं ते त्यानं त्याच दिवशी सांगितलं आणि नंतर मी ते त्याच्याकडून निदान पन्नास वेळा ऐकलं. किसनसिंग बंजारा. आर्णीपासून चौदा किलोमीटरवर त्यांचा तांडा आहे. त्यांच्या घरात गोरबोली बोलतात आणि गोरबोलीत ‘मारो’ म्हणजे ‘माझा’. मारो बळद म्हणजे माझा बैल. मारो घर म्हणजे माझं घर. आपल्याकडे ‘मारो’ म्हटलं की माणूस काठी शोधतो, त्यांच्याकडे आपली वस्तू जवळ ओढतो.

एकोणीस वर्षांचा असताना त्याचा काका देवसिंग त्याला राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला घेऊन गेला. तोवर त्यानं फुटबॉल बघितलासुद्धा नव्हता. खाणीतल्या माणसांना शिफ्ट सुटली की खेळायचा नाद होता. कोणी बिहारचा, कोणी ओरिसाचा, कोणी तेलंगणातला. मैदान कोळशाच्या भुकटीनं काळं, आणि खेळून आलेला माणूस खाणीतून आलाय की मैदानातून, हे बायकोलाही कळू नये अशी दशा. हा पोरगा डावखुरा, आणि गुरांमागं धावून छाती भरलेली. तीन महिन्यांत तो खाणीच्या टीममध्ये होता.

एक्क्याण्णव साली त्यानं पहिली फायनल खेळली, वणीला. मैदानाभोवती माणसंच माणसं. शेवटची दहा मिनिटं, दोन्हीकडे गोल नाही. बॉल उंच होऊन यांच्याच गोलसमोर आला. किसनसिंग खाली होता, त्याला बॉल दिसत होता, डोक्यानं बाहेर काढणं त्याच्या हातचा मळ. पण गोलकीपर रामलालही पुढे येत होता. रामलालनं थांबावं म्हणून किसनसिंग जिवाच्या आकांतानं ओरडला, “मारो! मारो!” म्हणजे माझा आहे, सोड. माणूस घाबरला की आईच्याच बोलीत बोलतो. रामलाल बिहारचा. त्यानं ऐकलं, मारो. त्यानं घेतली उडी आणि मारला ठोसा. दोघं हवेत एकमेकांवर आदळले, रामलालचा पुढचा दात पडला, आणि बॉल किसनसिंगच्या पाठीला लागून हळूहळू त्यांच्याच गोलमध्ये गेला.

रामलाल रक्त थुंकत म्हणाला, “तूने ही तो बोला, मारो!”

किसनसिंग म्हणाला, “हां, मारो!”

तीन दिवस ते दोघं याच एका शब्दावरून भांडत होते आणि दोघंही खरं बोलत होते. चौथ्या दिवशी कोणीतरी गोरबोली जाणणारा भेटला आणि उलगडा झाला. तोवर अख्ख्या राजूरनं नाव ठेवून टाकलं होतं.

या माणसाला नावाचा कधी राग आला नाही. राग आला तो हरल्याचा. तो सोळा वर्षं खेळला. साधे सामने किती जिंकले त्याचा हिशेब नाही. डाव्या कडेनं तो निघाला की समोरचा खेळाडू नुसता धूळ बघत राही, असं मला राजूरच्या जुन्या माणसांनी सांगितलंय. चौऱ्याण्णवला ब्राझीलनं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कॉलनीतले लोक टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, “मारो, तू तिकडे जन्माले याले पायजे होतं.” त्यानं घरी येऊन बायकोला, सुखीबाईला, हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सुखीबाईनं विचारलं, “म्हणजे कोन्या तालुक्यात?” आणि पुढ्यात पोळीचं ताट सरकवलं.

पण फायनल काही त्याला लाभली नाही. दुसरी पेनल्टीवर गेली. तिसऱ्या वेळी गुडघा सुजला म्हणून त्याला बाकावर बसवलं आणि टीम त्याच्या डोळ्यांदेखत हरली. तीन फायनल, तीन हार. मग गुडघ्यानं कायमचाच दगा दिला, खेळ सुटला. पुढे खाणही सोडून तो तांड्यावर परत आला आणि शेती करू लागला. आयुष्यात एक फायनल जिंकायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती तो कुणाला सांगत नसे. मला सांगितली, कारण मला फुटबॉल कळत नाही.

त्याला मी सहायक करून घेतलं. उपकार केले असं मला वाटत होतं, इतका मी त्या काळी थोर होतो. तो रोज चौदा किलोमीटर गाडी हाणत यायचा आणि एक पैसा घ्यायचा नाही. मी शिट्टी वाजवायचो, तो शिकवायचा. मुलींमध्ये तांड्यावरच्या होत्या, गावातल्या शेतकऱ्यांच्या होत्या, दोघी-तिघी कोलामांच्या होत्या. कप्तान राखी, किसनसिंगच्याच तांड्यावरची, सोळा वर्षांची, शांत, आणि पायात असा नेम की मैदानाबाहेरच्या बकऱ्या तिच्याकडे बघून जागा बदलायच्या.

आणि मग या माणसानं काय करावं? ज्या शब्दानं त्याची पहिली फायनल घालवली, त्याच शब्दाचं हत्यार केलं. सगळ्या मुलींना त्यानं शिकवलं की मागून ‘मारो’ अशी हाक आली की बॉलला पाय लावायचा नाही. पायाखालून तसाच जाऊ द्यायचा, मागची घेईल. आता समोरच्या टीमला काय ऐकू येणार? मारो. त्यांच्या पोरी अंग चोरून उभ्या राहायच्या, गोलकीपर वाकायची, आणि बॉल आरामात मागच्या मुलीकडे जायचा. ती मोकळी. गोल. जिल्ह्यात कोणाला हे कोडं सुटेना.

मला मात्र चुटपुट लागली. मी म्हटलं, “किसनभाऊ, हे फसवणं नाही का?”

“खोटं कोठी बोलून राह्यलो सर? माझा हाय तं माझाच म्हणतो. त्यायले समजत नाही त्याले मी काय करू?”

सगळ्यांना हे जमलं, एक सोडून. निकिता, माझी पुतणी. पळायला वारा आणि तोंड त्याहून वेगवान. तिला किसनसिंगनं महिनाभर गोरबोली शिकवली आणि शेवटी हात टेकले. ऐन वेळी तिच्या तोंडून आपली वऱ्हाडीच बाहेर पडायची. “बाई, तू फक्त पळ,” तो तिला म्हणाला, “बोलाचं काम बाकीच्यायले करू दे.”

गेल्या जानेवारीत यवतमाळच्या मैदानावर मुलींची मोठी स्पर्धा भरली. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडून, तेलंगणातूनही टीम आल्या होत्या. आमच्या पोरींनी सपाटाच लावला. बघता बघता फायनल. समोर उटनूरची टीम, आदिलाबादकडची. त्यांचे कोच तेलुगूत बोलत, पोरी तेलुगूत उत्तर देत. मी निर्धास्त होतो.

फायनलच्या सकाळी किसनसिंग मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, ही चौथी. हारलो तं मी मैदानावर येनं बंद करतो. माह्याच पायगुणानं पोरी हारतीन, असं नको.”

मी त्याला शिव्या घातल्या. फुटबॉल खेळणाऱ्यानं पायगुणाच्या गोष्टी कराव्यात का? पण तो गंमत करत नव्हता. हा गेला तर टीमचं काय होईल याची काळजी नंतरची. रोज सकाळी हा माणूस दिसणार नाही, हीच कल्पना मला सहन होईना.

सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत काहीतरी बिनसलंय हे मलासुद्धा कळलं. “मारो” अशी हाक गेली, राखीनं बॉल सोडला, आणि मागच्या मुलीजवळ उटनूरच्या दोघी आधीच येऊन उभ्या. पुन्हा हाक, पुन्हा तेच. किसनसिंग कडेवरून गोरबोलीत सांगत होता, “आंग चाल,” म्हणजे पुढे चल, आणि आमच्या पोरींआधी त्यांच्याच पोरी पुढची जागा अडवत होत्या. विसाव्या मिनिटाला त्यांनी असाच सोडलेला बॉल उचलला आणि गोल केला. एक-शून्य.

मध्यंतराला राखी धापा टाकत आली. “काका, ती सहा नंबरची हासली माह्याकडं पाहून. म्हणे, ‘हाम भी गोर छा.’”

म्हणजे, आम्हीही बंजाराच आहोत.

मी हळूच खिशात हात घातला. समोरच्या टीमची यादी सकाळीच माझ्या हातात दिली होती. मुख्य प्रशिक्षकानं ती वाचायची असते. मी सही केली, घडी घातली, खिशात ठेवली आणि आयोजकांबरोबर तर्री-पोहा खायला गेलो. आता उघडली. राठोड, राठोड, जाधव, चव्हाण, आडे, पवार, राठोड. अकरातल्या सात. यांचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून पार दक्षिणेपर्यंत जात, वाटेत जागोजागी तांडे वसवत. तीच बोली इथून कर्नाटकापर्यंत घराघरांत बोलली जाते, आणि आम्ही तिला गुप्त भाषा समजून बसलो होतो. तेलुगू शाळेत शिकलेल्या पोरी घरी काय बोलतात, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

मी यादी किसनसिंगपुढे धरली. मला वाटलं, हा आता मला चांगलंच सुनावणार. त्यानं एकेक नाव वाचलं आणि त्याचा चेहरा फुलला. “अर्धी टीम तं आपलीच हाय की सर. काय खेळून राह्यल्या पोट्ट्या.”

“कौतुक नंतर कर,” मी म्हणालो. “आता उलटं करू. मारो म्हणायचं आणि सोडायचं नाही, सरळ गोलवर हाणायचा. त्या फसतील.”

“नाही.”

“काहून?”

“आतापर्यंत खरं बोलून राह्यलो होतो. हे खोटं व्हईन. याडीची बोली हाय सर, आईची. तिच्यात मी आपल्याच पोरीले फसवू?”

माझा तोल गेला. मी म्हणालो, “मग हार चौथ्यांदा.”

बोललो आणि जीभ चावली. किसनसिंगनं माझ्याकडे बघितलंही नाही. तो पोरींकडे वळला. “आता कोणी बोलाचं नाही. एक शब्द नाही. डोळ्यानं खेळा. जी बोलन तिले बाहेर काढतो.” आणि स्वतःवर भरवसा नसल्यामुळे त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याचं टोक तोंडात कोंबलं.

दुसरा भाग मी कधी विसरणार नाही. आमच्या पोरी मुक्यानं खेळायला लागल्या. उटनूरच्या पोरींचे कान आमच्याकडे आणि ऐकायला काहीच नाही. त्या थबकायला लागल्या. एकमेकींना विचारायला लागल्या. आणि आमच्या पोरींनी पहिल्यांदाच मान वर करून एकमेकींकडे बघितलं. शिकवलेलं सगळं पायांत होतंच. पंधरा मिनिटांनी निकितानं डाव्या कडेनं अशी धाव घेतली की मी खुर्चीवर चढलो. तिनं बॉल उंच टाकला आणि राखीनं डोक्यानं आत ढकलला. एक-एक. किसनसिंग दुपट्टा चावत बाकावर मुठी आपटत होता.

शेवटची चार मिनिटं. बॉल उटनूरच्या गोलसमोर, राखीच्या पायात. पुढे त्यांच्या दोघी, त्यात ती सहा नंबरही, भिंतीसारख्या उभ्या. राखी डावीकडे बघते, उजवीकडे बघते, मारत नाही. तिच्या मागून निकिता पळत येत होती. अर्धा तास तोंड बंद ठेवलेली माझी पुतणी. ते आता फुटलं.

“मार वो!”

आपल्याकडे मैत्रिणीला असंच म्हणतात. ये वो, जाय वो, मार वो. पण घाईत तोंडातून काय निघालं? मारो. सहा नंबरनं ते ऐकलं आणि तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. मागची म्हणते माझा आहे, म्हणजे राखी बॉल सोडणार. त्या दोघी राखीला टाकून निकितावर धावल्या. गोलकीपरही तिकडे सरकली. राखीनं मात्र नुसता आवाज ओळखला. निकिताला गोरबोली येत नाही, हे आमच्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक. ती मार म्हणाली म्हणजे मारच. समोर उघडा गोल. राखीनं मारला.

सहा नंबर रडकुंडीला येऊन रेफ्रीकडे धावली. यांनी खोटी हाक दिली, म्हणाली. अमरावतीच्या त्या तरुण रेफ्रीला काय कळणार कपाळ? तेव्हा किसनसिंगनं तोंडातला दुपट्टा काढला आणि कडेवरूनच त्या पोरीला गोरबोलीत समजावलं, की बाई, ती कुणब्यांची पोरगी आहे, तिला आपली बोली येत नाही, ती तिच्या भाषेत खरंच बोलली. पोरीनं निकिताकडे बघितलं. निकितानं तोंडावर हात ठेवला होता, कारण बोलल्याबद्दल बाहेर काढतील अशी तिला धास्ती. तिचं ते ध्यान बघून सहा नंबरला रडता रडता हसू फुटलं. गोल राहिला. किसनसिंगनं दुपट्टा परत तोंडात घातला.

शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानात पळालो. कुणाकुणाला मिठ्या मारल्या आठवत नाही, त्यात बहुधा उटनूरचे कोचही होते. मागे बघितलं तर किसनसिंग बाकावरच बसलेला. मी परत गेलो आणि दुपट्टा ओढून काढला.

“संपली का सर?”

“संपली.”

“कोण जिंकलं?”

“अरे, आपण.”

“पक्कं?”

त्यानं तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं, तरी त्याचा विश्वास बसेना. फुटबॉलच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवायचं तसं कारणही नव्हतं. तो उठला आणि सरळ रेफ्रीकडे गेला. “साहेब, आता काही बदलत तं नाही ना?”

“नाही काका. दोन-एक. लिहिलं मी.”

“दाखवा.”

रेफ्री भला माणूस. त्यानं वही समोर धरली. किसनसिंगनं खिशातून चष्मा काढून लावला, ओळीवर बोट ठेवून आकडे वाचले, वही परत केली, रेफ्रीला नमस्कार केला, आणि तिथंच गवतावर बसून मोठमोठ्यानं रडला. लाज नाही, संकोच नाही. पोरी त्याच्याभोवती गोल करून बसल्या. मी मध्ये पडलो नाही. मीही रडत होतो आणि मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

मग तो उठला. माइकवरून मुख्य प्रशिक्षकाला बोलावत होते. मी त्याला पुढे ढकललं आणि जाता जाता म्हणालो, “मघाशी बोललो ते विसर.” तो म्हणाला, “काय बोलले होते?” आणि गेला, कप घेतला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि अख्ख्या मैदानाला एक चक्कर मारली. दुखऱ्या गुडघ्यानं, लंगडत, सावकाश. उटनूरच्या पोरीही टाळ्या वाजवत होत्या.

दोन दिवस मी पोरींना सुट्टी दिली. सोमवारी सकाळी म्हटलं, आज काही कोणी लवकर येत नाही, म्हणून चहा पिऊन निवांत मैदानावर गेलो. किसनसिंगची गाडी उभी होती. तो चुन्यानं रेघा आखत होता, अर्धं मैदान आखून झालं होतं.

“उशीर केला सर,” वर न बघता तो म्हणाला. “फायनल अकरा महिन्यावर आली.”